यासीनभाऊंचं पळपुटं गिऱ्हाईक

सिंदेवाहीचे यासीनभाऊ फोटोवाले चंद्राला गिऱ्हाईक म्हणत. "आज संध्याकाळी गिऱ्हाईक हाय, मास्तर. शाळा सुटली का या," असा निरोप आला की मी समजायचो, पौर्णिमा जवळ आली. बाकी फोटो काढायला येणारे लोक, म्हणजे लग्नाच्या मुली, नवे नवरदेव, मिशांना पीळ भरून आलेले पैलवान, ही सगळी त्यांच्या लेखी पोटापुरती मंडळी. खरं गिऱ्हाईक एकच, आणि तेही वाईट वळणाचं.

"बसत नाई जी! साऱ्या मुलखाले बसवलं म्या. ठानेदाराले बसवलं. हा एक बसत नाई. पाहा, पाहा, पळून राह्यला!"

स्वातंत्र्य येऊन थोडी वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. मी शाळेत नवा मास्तर, आणि यासीनभाऊंच्या दुकानाला लागून असलेल्या खोलीत राहायचो. माणूस पन्नाशीचा, एकटा, सडपातळ. सदऱ्याच्या खिशाला फोटो धुण्याच्या औषधांचे पिवळे डाग.

देश सोडून जाताना एक गोरा जंगलसाहेब आपलं सामान विकून गेला, त्यात यासीनभाऊंना लांब पल्ल्याची एक लेन्स मिळाली. ती त्यांनी आपल्या भात्याच्या कॅमेऱ्याला बसवली. तरी काचेच्या प्लेटवर चंद्र मुगाच्या दाण्याएवढाच उमटायचा. लेन्सच्या मागे आणखी एक खोलगट काच लावली तर चित्र दुप्पट होतं, हे त्यांनी कुठून तरी ऐकलं. आता अशी काच सिंदेवाहीत कुठे मिळणार? ती आमच्या हेडमास्तरांच्या नाकावर होती.

यासीनभाऊ शाळेच्या ग्रुपफोटोला आले आणि फोटो सोडून हेडमास्तरांच्या चष्म्याकडेच बघत राहिले. शेवटी म्हणाले, "सर, हा जुना झाला त मले द्याल काय जी?" हेडमास्तर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढे चष्म्याची काडी मोडली, नवा चष्मा आला, आणि जुना त्यांनी स्वतःच आणून दिला. यासीनभाऊंनी तांबटाकडून पितळी नळी करून घेतली, तीत ती काच बसवली आणि नळी लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये अडकवली. मुगाचा वाटाणा झाला. "मास्तर, तुमचे हेडमास्तर पोचले चंद्रावर!" म्हणून ते बाजारभर सांगत सुटले.

पण दुखणं संपलं नाही. "मोठा केला त अंधारते. अंधारते म्हनून उघडं ठेवलं त पळते. काय करू सांगा." प्लेट धुतली की वाटाण्याचा लांबट शेंगदाणा झालेला असायचा.

गावाला मात्र त्यांचा उपयोग होता. संकष्टीला उपाशी बाया त्यांच्याकडे विचारायला माणूस धाडत: निघाला काय? ईदच्या आदल्या संध्याकाळी मशिदीतले लोक येत. यासीनभाऊ दोघांनाही एकच उत्तर देत, "त्याचा भरोसा मी देत नाई."

त्या कार्तिकात माझी आई पोंभुर्ण्याकडच्या आमच्या खेड्यातून चार दिवस राहायला आली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हाताला धानकापणीचे व्रण. तिचा एक फोटो असावा, असं मला फार वाटायचं. पण ती तयारच होत नव्हती. "भितीवर टांगलेले समदे मेलेलेच असते, बाबू. मले एवढी घाई नाई." यासीनभाऊंनीही समजावलं, तेव्हा तिने डोक्यावरून पदर ओढून तोंडच झाकलं.

त्याच दिवसांत नागपूरहून त्यांच्या प्लेटांची पेटी आली. छोट्या रेल्वेगाडीच्या धक्क्यांनी आतल्या काचांचा चुरा झालेला. एक तेवढी धड निघाली. "एकच हाय. पन आभाळ साफ हाय," ते म्हणाले. "आज त्याले सोडत नाई."

आम्ही तिघे तळ्याच्या पाळीवर, बांधावर गेलो. पौर्णिमेचा आदला दिवस, त्यामुळे सूर्य मावळायच्या आधीच पलीकडच्या झाडांवर चंद्र आला होता. यासीनभाऊंनी काळ्या कापडात डोकं घातलं, बराच वेळ नळी मागेपुढे केली आणि खूश होऊन बाहेर आले. "बाई, पाहाता काय?"

आईला फोटो काढून घ्यायचा नव्हता, पण बघायला तिची ना नव्हती. ती कापडात शिरली. कॅमेऱ्यातल्या काचेवर सगळं उलटं दिसतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"अगं माय! झाडं खाली लोंबून राह्यले! बाबू, चंद्र तळ्यात पडून राह्यला रे!"

ती बाहेर आली ती हसतच. पाळीवर दूर कुणी बाई पाणी भरत होती, तिला हे सांगायला आई लगबगीने गेली. मी तिच्याकडे बघत होतो. यासीनभाऊही बघत होते. मग त्यांनी कॅमेरा चंद्रावरून खाली आणला, आईवर रोखला, नळी फिरवली आणि प्लेट आत सरकवली.

"यासीनभाऊ, एकच प्लेट आहे!"

"चूप राहा, मास्तर. हलली त गेली."

आई हातवारे करत सांगत होती. यासीनभाऊ बोटात बटण धरून उभे. सांगून झाल्यावर ती वळली, मी येतो की नाही हे बघायला कमरेवर हात ठेवून थांबली. मावळतीचं ऊन सरळ तिच्या तोंडावर होतं. बटण दाबलं गेलं.

तोवर चंद्र चांगला वर आला होता. यासीनभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं आणि सामान आवरायला घेतलं.

एवढ्या लांबून काढलेल्या त्या फोटोत आईच्या गालावरची सुरकुतीनसुरकुती आहे, आणि ओठांवर नुकतंच थांबलेलं हसू. तिचा दुसरा फोटो नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली, तेव्हा तिचा चेहरा माझ्यापाशी राहिला तो या माणसामुळे. घरात त्या फोटोसमोर उभा राहिलो की मी अजून मनातल्या मनात आधी यासीनभाऊंना हात जोडतो.

ती गेल्यावर मी मोठी कॉपी मागायला त्यांच्याकडे गेलो. माझी तेव्हा चामोर्शीला बदली झाली होती. दुकानात कुणी नव्हतं, म्हणून मी हाक मारत मागच्या खोलीत शिरलो. तिथे मी कधी गेलो नव्हतो. एक खाट, एक कंदील, आणि भिंतीवर एकच फोटो, माझ्या आईचा.

यासीनभाऊ चहाचं भांडं घेऊन आले आणि दारातच थबकले.

"घुस्सा नका करू, मास्तर. तुमाले इचारलं नाई." भांडं खाली ठेवत म्हणाले, "माही अम्मी मी जनमलो तवाच गेली. तिचं तोंड मले ठाऊक नाई. आता कोनी इथी आलं त फोटो पाह्यते, मंग कुंकू पाह्यते, मंग माह्याकडं पाह्यते. मी सांगतो, माय हाय."

त्यांनी माझ्या हातात कप दिला आणि संकोचून विचारलं, "मास्तर, नाव काय होतं जी तिचं? तेवढं कोनी इचारलं त मले सांगता येत नाई."

"सारजा," मी म्हटलं.

त्यांनी ते नाव दोनदा हळूच म्हणून पाहिलं.