रविराज गांगुर्डेची टाइम ट्रायल

"तुम्ही आणि सायकलची शर्यत? दळण आणायला स्कूटर लागते तुम्हाला!" उज्वला एवढंच म्हणाली आणि हसत हसत भाकरी थापू लागली.

त्या हसण्यानेच रविराज गांगुर्डे पेटला. वय सत्तेचाळीस, नाशिकच्या एका सरकारी कचेरीत कारकून. बायकोपुढे माघार घ्यायची नाही, हे एकच तत्त्व त्याने जन्मभर पाळलेलं. (तत्त्व पाळलं, माघार रोज घेतली.)

मुलीने, सृष्टीने, शर्यतीचं पत्रक वाचून दाखवलं. "पप्पा, रोड रेसमध्ये सगळे एकदम सुटतात. क्रायटेरियममध्ये एकाच रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. आणि तिसरी टाइम ट्रायल..."

"ट्रायल! म्हणजे नुसती चाचणी. अर्जात तीच लिही."

"पण पप्पा, त्यात..."

"लिही म्हटलं ना!"

रविवारी सकाळी गंगापूर धरणाच्या रस्त्यावर शिट्टी वाजली आणि रविराज एकटाच सुटला. बाकीचे मागे उभेच. 'चाचणी आधी माझीच घेतायत,' म्हणून त्याने मान ताठ केली. तेवढ्यात एकजण सुर्रकन पुढे गेला. मग दुसरा. पाचवा गेला तेव्हा डोक्यात उजेड पडला: ही खरीच शर्यत होती! एकेकाला मिनिटामिनिटाने सोडायचं आणि वेळ मोजायची.

चढावर चेन उतरली. ती बसवताना तोंड काळं झालं. पेरू विकणारी नवसाबाई कळवळली, "दादा, लय दमले तुम्ही. बसा जरा सावलीला."

"नाही बसणार!"

मागून आयोजकांचा टेम्पो आला. "काका, सायकल टाका वर. सगळे पोचले."

"मी नाही ना पोचलो? मग शर्यत चालू आहे!" रविराज ओरडला. पोटऱ्या दगड झाल्या होत्या. पण पुढे शेवटच्या रेषेवर उज्वला उभी होती, आणि टेम्पोतून तिच्यासमोर उतरण्यापेक्षा मेलेलं बरं. टेम्पो निमूटपणे बैलगाडीच्या चालीने मागे राहिला.

तो पोचला तेव्हा मांडववाले खुर्च्या उचलत होते. उज्वला मात्र धावत आली आणि पदराने त्याचं तोंड पुसू लागली. "पुरी केलीत हो!" तिचा आवाज चक्क भरून आला होता.

इतक्यात पंचांनी त्याच्या हातात चकचकीत ट्रॉफी ठेवली. "अभिनंदन! साठ वर्षांवरच्या गटात पहिले!"

"साठ?" रविराज कडाडला. "कुणी लिहिलं साठ?"

"वयाचा रकाना कोरा होता. मी तुमच्याकडे बघून भरला. चुकलं का? मग ट्रॉफी परत घ्यावी लागेल."

रविराजने ट्रॉफी छातीशी घट्ट धरली आणि छाती पुढे काढून ठणकावलं, "साठ कसले? येत्या दसऱ्याला बासष्ट पुरी होतील!"