रेगे काकांना पसंत पडलेला कटर

आमच्या शेजारचे रेगे काका दुकानात जाताना शर्टाच्या खिशात मळलेल्या मैद्याचा गोळा घेऊन जातात. ओल्या फडक्यात गुंडाळलेला. पहिल्यांदा तो फुगवटा बघून मला वाटलं, चष्म्याचं घर असेल. मग इंदिरानगरच्या एका दुकानात त्यांनी तो गोळा बाहेर काढला आणि काचेच्या काउंटरवर थापायला सुरुवात केली.

सुरुवात माझ्याच घरी झाली. सर्जापूर रोडच्या या सोसायटीत आम्ही नुकतेच राहायला आलो होतो आणि मी हौसेनं बिस्किटं करत होते. वासावर काका आले. त्यांचं सगळं आयुष्य एका सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये डाय, म्हणजे पत्रा कापायचे साचे, बनवण्यात गेलेलं. माझा चांदणीचा कटर त्यांनी उचलला, डोळ्याजवळ नेला, दोन बोटांत दाबला. तो वाकला.

"पत्रा आहे नुसता. दोनदा धुतलास की गंजेल. वरची कड बघ, तळहात कापेल. हे टूलरूममध्ये चाललं नसतं."

"काका, बिस्किटं करतेय, विमानाचे भाग नाही."

"विमानाचा भाग कुणी खात नाही. चल!"

काकांना स्वस्थ बसता येत नाही. चहासुद्धा ते आमच्या हॉलमध्ये फेऱ्या मारत पितात. त्या शनिवारी बेळ्ळंदूरजवळ ऑटो ट्रॅफिकमध्ये अडकली, तसे ते उतरून चालायला लागले. ऑटोवाला मागून कानडीत ओरडतोय, "सार, कूत्कोळ्ळी सार!", बसा म्हणून, आणि काका फुटपाथवरून हात करतायत, "नीवु बन्नी, तुम्ही या मागून, मी पुढे आहे!" असे तीनदा उतरले, तीनदा चढले.

दुकानात प्लास्टिकचे कटर त्यांनी एका हातानं बाजूला सारले. "धार नाही. पीठ कापत नाही, चेंगरतं." हरणाचा कटर उजेडात धरला. "पाय बघ याचे! ओव्हनमध्ये जायच्या आधीच लंगडं होणार." बर्फाच्या नक्षीचा कटर बघून तर ते हळहळले. "इतक्या कोपऱ्यांतून पीठ कोण टोकरून काढणार?" मग प्रत्येक कटरचा जोड नखानं खरवडून पाहिला.

"सार, स्वल्प अड्जस्ट माडी," थोडं चालवून घ्या म्हणत दुकानदार काकुळतीला आला.

"अड्जस्ट माणसांनी करायचं. पोलादानं नाही."

एक गोष्ट मात्र मला कळेना. काका प्रत्येक कटर डाव्या हातानं दाबत. तेही बोटांनी नाही, नुसत्या तळव्यानं. उजवा हात पाठीमागे. कटर घसरायचा, गोळा सरकायचा, काका मान हलवून पुढचा उचलायचे. मी म्हटलं, "उजव्या हातानं दाबा की!" त्यांनी ऐकलंच नाही.

तिसऱ्या दुकानात मी वैतागले. माझं आता चांदणीशिवायही भागणार होतं, पाणी मिळालं असतं तरी पुरे होतं. तेवढ्यात काकांच्या हाताला एक गोल कटर लागला. स्टीलचा, चांगला खोल, वर जाड लाकडी मूठ. त्यांनी तळवा ठेवला, दाबलं, उचललं. पिठाची गोल चकती तशीच सुटून खाली राहिली. काकांनी पुन्हा केलं. पुन्हा सुटली.

"सरी, ठीक," ते म्हणाले. एवढंच.

परतताना ऑटोत ते एकदम म्हणाले, "उद्या अकराला पीठ मळून माझ्याकडे ये. आणि लक्षात ठेव, तुला मोठी ऑर्डर आली आहे."

"मला? कसली ऑर्डर?"

"आली आहे म्हटलं ना!" आणि सिग्नल नसतानाही ऑटो थांबवून काका उतरले आणि चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दारातच थांबवलं. काकूंना मी तोवर एकदोनदाच पाहिलं होतं, तेही लांबून, बाल्कनीत. काका हलक्या आवाजात बोलले. "चार महिन्यांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. डाव्याला सवय लावा, डॉक्टर म्हणतात. शाळेत चित्रकला शिकवायची गं ती. रबरी चेंडू दाबायला दिला तर फेकून देते. म्हणते, मला खेळवू नका. तुझं काम अडलंय म्हटल्यावर कदाचित करेल."

काकू टेबलाशी बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, पदराखाली. मला बघून म्हणाल्या, "यांनी सांगितलं. किती आहेत?"

"पन्नास," माझ्या तोंडून गेलं.

मी पोळी लाटून पुढे ठेवली. काकूंनी मुठीवर डावा तळवा टेकवला. पहिलं बिस्किट अर्धंच कापलं गेलं. काकांचा हात पुढे आला.

"तुम्ही मध्ये येऊ नका," काकू म्हणाल्या.

दुसरं तिरकं. तिसरं मात्र अख्खं सुटलं. काका बाल्कनीत गेले, आत आले, पुन्हा गेले. बारा बिस्किटं झाली तेव्हा काकूंच्या कपाळावर घाम होता. मी ट्रे उचलला, तशा त्या म्हणाल्या, "आज एवढीच. उद्या किती करायची?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वीस तरी लागतील."

काका मला सोडायला दारापर्यंत आले. "चार महिन्यांत तिनं उद्याचं काही विचारलं नव्हतं," ते म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला. "अहो, तिला सांगा, ऑर्डर खोटी असली म्हणून लोणी कमी घालू नकोस म्हणावं."

 काकांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि ते ओरडले, "सांगतो!"