वाढत्या अंगाची रायफल

मुलं वाढतात, हे सगळ्या जगाला मान्य आहे. पण त्यावर कायमचं धोरण आखलं ते फक्त मराठी आईबापांनी. मुलासाठी कोणतीही वस्तू घ्यायची, ती दोन मापं मोठी घ्यायची. ती मुलाला बसायला लागते त्या सुमारास विरून फाटते. पण तो वस्तूचा दोष.

दुबईच्या अल बर्शा भागात राहणारा नीलेश पाटणकर या धोरणाचा निष्ठावान पाईक होता. एका लिफ्ट कंपनीच्या खरेदी खात्यात असल्यामुळे तीन कोटेशनं मागवल्याशिवाय तो कोथिंबीरही घेत नसे. त्याची मुलगी इरा बारा वर्षांची. तिच्या मालकीच्या एकोणचाळीस वस्तूंपैकी एकतीस वाढत्या अंगाच्या होत्या. (उरलेल्या आठांत चष्मा, टूथब्रश आणि सहा खोडरबर.) शाळेच्या ब्लेझरमधून तिची बोटं दिसत नसत, त्यामुळे ती वर्गात हात वर करते की नाही, हे शिक्षकांना तीन वर्षं कळलेलं नव्हतं.

अशा इराला नेमबाजीचा नाद लागला. हा खेळ समजायला सोपा आहे. दहा मीटरवर एक कागद असतो, त्यावर काळं वर्तुळ, आणि वर्तुळाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका. ठिपका अजिबात हलत नाही. हलतो तो आपण. इरा मात्र हलत नसे. त्यामुळे क्लबने बारा वर्षांपर्यंतच्या गटात तिचं नाव घातलं. स्पर्धा सहा आठवड्यांवर होती. क्लबच्या चारही एअर रायफली इतर मुलांना वाटून झाल्या होत्या. इराला स्वतःची आणावी लागणार होती. आणि जानेवारीत तिला तेरावं लागणार असल्यामुळे या गटातली ही तिची पहिली आणि शेवटची स्पर्धा होती.

"विकत घ्यायची की बनवून घ्यायची?" नीलेशने गंभीरपणे विचारलं.

"बाबा, जस्ट बाय इट," इरा म्हणाली. हे मत मुलाचं असल्याने नोंदवलं गेलं नाही.

नीलेशने तक्ता केला. दुकानातली तयार रायफल इराने खांद्याला लावून पाहिली, ती हुबेहूब बसली. तक्त्यात लाल शाईने नोंद झाली : 'दोष – आजच बसते.' जी आज बसते ती उद्या लहान होणार, हे सांगायला खरेदी खातं लागत नाही. निर्णय झाला. बनवून घ्यायची.

(बंदूक कोणी घरी बनवत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. नळी आणि चाप क्लबने रीतसर परवान्याने आणून स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केले. नीलेशच्या हाती आला तो फक्त दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग. तेवढा त्याला पुरला.)

दस्त्याचं काम शारजातल्या हमदुल्लाचाचांकडे गेलं. चाचा मूळ रत्नागिरीचे. पस्तीस वर्षं आखातात कपाटं आणि पलंग करत होते. त्यांनी इराचा हात मापला.

"तो नका मापू, चाचा," नीलेश म्हणाला. "अठराव्या वर्षीचा मापा."

चाचांनी टेपकडे पाहिलं, मग नीलेशकडे. "भाय, टेप आजचीच आहे माझी."

मग अठराव्या वर्षीच्या हाताचा शास्त्रशुद्ध अंदाज काढण्यात आला. त्यात आईची उंची, एकविसाव्या वर्षापर्यंत वाढत राहिलेली सांगलीची आत्या आणि रोजचं ग्लासभर दूध धरलं. (दूध रोज बेसिनमध्ये जातं, ही बाब विचारार्थ आली नाही.) बेरजेत इरा पाच फूट अकरा इंच निघाली. नीलेशच्या पत्नीने, समिधाने, हळूच विचारलं, "नाहीच वाढली तेवढी तर?"

"मग दस्ता नवा राहील," नीलेश म्हणाला. या युक्तिवादाला आजवर कोणालाही उत्तर सापडलेलं नाही.

स्पर्धेच्या सकाळी चाचा स्वतः दस्ता घेऊन क्लबवर आले आणि रायफल जोडून तयार झाली. प्रशिक्षक रुकय्या मॅडमनी ती उचलून पाहिली, खांद्याला लावली, खाली ठेवली.

"राइफल बहुत अच्छी है," त्या म्हणाल्या. "इसकी लड़की कब आएगी?"

इराने रायफल खांद्याला लावली. बोट चापाच्या चार इंच अलीकडे संपलं. नीलेशने खांद्यात नॅपकिन कोंबून पाहिला. त्याने अंतर वाढलं. यादीतली नावं पुकारली जात होती. इराचं अकरावं होतं, सातवं चाललं होतं.

"बाबा," इरा म्हणाली, "आय ॲम ट्वेल्व्ह टुडे. ओन्ली टुडे."

तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. नीलेशने चाचांकडे पाहिलं.

चाचा बाकावरून उठले. त्यांनी दस्ता सोडवून घेतला, पिशवीतून करवत काढली आणि लाकडाची मागची बाजू वर केली. तिथे पेन्सिलची बारीक रेघ आधीपासूनच होती.

"ही कधी मारली?" नीलेशने विचारलं.

"पहिल्याच दिवशी," चाचा करवत चालवत म्हणाले. "वाढत्या अंगाची गिऱ्हाइकं पस्तीस वर्षं बघतोय मी. जा बाय, यल्ला, चल लवकर."

इरा अकरा जणांत सातवी आली. शेवटच्या गोळीने ठिपका असा नेमका उडाला, की रुकय्या मॅडमनी तो कागद मागून घेतला. घरी परतताना नीलेशच्या मांडीवर कापलेला चार इंची तुकडा होता. पुढे चिकटवता येईल म्हणून. तो आता माळ्यावर ब्लेझरशेजारी ठेवला आहे आणि नीलेशच्या फायलीत 'निर्णय योग्य ठरला' अशी नोंद आहे.

नीलेशला हसून झालं असेल, तर एक लहानसा प्रश्न सोडवा. तुमच्या घरातल्या मुलाच्या पावलाचं माप किती? उठून बघायला जायचं नाही.

आणि पुढच्या वर्षीचं सांगू नका.