कॅप्टन बॅरोचा अर्धा हात

"त्या बाईने कॅप्टन बॅरोचा हात अर्ध्याच्या वर इंचभर जरी नेला," डेल्मर किट्रिज टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "तर मी माझा वार्षिक पास सगळ्यांसमोर कात्रीने कापेन!"

पॅनकेकच्या हॉटेलातली मागची खोली चिडीचूप झाली. दक्षिण कॅलिफोर्नियात माणूस घर विकतो, गाडी विकतो, प्रसंगी बायकोही सोडतो, पण पेलिकन बे पार्कचा वार्षिक पास कोणी कापत नाही. हेक्टर साल्दान्याच्या काट्यावरचा पॅनकेक हवेतच राहिला आणि त्यातला पाक जाकिटावर ठिबकू लागला.

जाकिटं सगळ्यांचीच निळी होती. पाठीवर दीपगृह, छातीवर अर्धवट उचललेला एक हात. हे 'दीपगृह मंडळ'. दर रविवारी सकाळी पॅनकेक खायचे आणि मग सगळ्यांनी मिळून पार्कात जाऊन 'बॅरोचं दीपगृह' या सफरीत बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. सफर तशी साधी. होडी अंधारात शिरते, वादळ होतं, गलबतं फुटतात आणि शेवटच्या वळणावर दीपगृहाच्या खिडकीत कॅप्टन बॅरो दिसतो. माणसाएवढा यांत्रिक पुतळा. डाव्या हातात कंदील. उजवा हात सावकाश वर येतो, छातीपाशी थांबतो, जरासा थरथरतो. तेवढ्यात होडी खाली कोसळते आणि सगळे भिजतात.

तो हात तिथेच का थांबतो, यावर डेल्मरने दोनदा व्याख्यान दिलं होतं. "तो बुडणाऱ्या खलाशांचा निरोप घेतोय. पण ज्याचा जीव अडकलाय त्याला पुरता निरोप घेता येत नाही. हात अर्ध्यावरच राहतो." व्याख्यान संपल्यावर हेक्टरसारखा गडी रडला होता आणि दुसऱ्याच दिवशी त्याने तो अर्धा हात दंडावर गोंदवून घेतला. मंडळात एकमेकांना नमस्कार करायचा तोही तसाच, हात छातीपर्यंत नेऊन थांबवायचा. यंत्र बिघडलं असेल, असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी मंडळी बोलत नसत.

पण निरोप नाहीच, असं म्हणणारं एक माणूस मंडळाने खपवून घेतलं होतं. ती डेल्मरची बायको, कॉनी.

"डेल, निरोप कसला घेऊन बसलास? त्याला झोप आलीय रे," ती प्रत्येक फेरीला म्हणायची. "रात्रपाळी आहे बिचाऱ्याची. तो आता जांभई देणार."

कॉनी इस्पितळात नर्स होती आणि निम्मं आयुष्य तिने रात्रपाळ्याच केल्या होत्या. "रात्रपाळीवाल्याला रात्रपाळीवाला ओळखू येतो," हा तिचा पुरावा. डेल्मर चिडायचा. मग ती आणखी चिडवायची. दर वर्षी नवा पास काढताना खिडकीवर फोटो घेतात. डेल्मर तिथे निवडणुकीला उभा राहिल्यासारखा ताठ बसायचा आणि कॉनी ऐन क्षणी तोंडावर हात नेऊन जांभई द्यायची. तिच्या प्रत्येक पासावर तोच फोटो. असे सगळे पास डेल्मरने कपाटाच्या खणात जपून ठेवले होते, कारण दोन वर्षांपूर्वी कॉनी गेली होती.

तिला निरोप देताना थडग्याभोवती चाळीस निळी जाकिटं उभी राहिली आणि चाळीस हात छातीपर्यंत येऊन थांबले. कॉनीच्या बहिणींना कळेना, या लोकांना काही हवंय की काय. पण डेल्मरचा हात खरोखरच त्याच्या पुढे गेला नाही. त्या दिवशी त्याला आपलं व्याख्यान पहिल्यांदा पुरतं समजलं. तेव्हापासून तो हात म्हणजे त्याच्या लेखी कॉनीचा निरोप होता आणि त्याला कोणी हात लावलेला त्याला चालणार नव्हता.

आणि आता इनेस बराहोना नावाची दिग्दर्शिका त्या सफरीवर सिनेमा काढत होती!

"तिचे आधीचे दोन्ही सिनेमे घटस्फोटावर आहेत," मंडळाच्या चिटणीस बर्निस तनाका म्हणाल्या. बर्निसबाई निवृत्त ग्रंथपाल. त्यांनी सांगितलेली गोष्ट पुन्हा तपासायची कोणाची छाती नसे.

"मग आता बॅरोचाही घटस्फोट करणार का ती?" हेक्टर घाबरून म्हणाला.

महिन्याभराने सिनेमाची झलक आली. मंडळ बर्निसबाईंच्या दिवाणखान्यात दाटीवाटीने बसलं. पडद्यावर समुद्र, वादळ, खिडकी, कंदील. हात वर येऊ लागला. छातीपाशी आला. आणि थांबला नाही! तसाच वर गेला, तोंडापाशी पोचला आणि कॅप्टन बॅरोने डोकं मागे टाकून चांगली ऐसपैस जांभई दिली.

कोणीतरी किंचाळलं. हेक्टरने बाही खाली ओढून दंड झाकला. फ्लोरिडातल्या एका चाहत्याने गाडीत बसून हुंदके देतानाचं चित्रण जगाला पाठवलं. सॅन दिएगोच्या शाखेने निषेध म्हणून एक जाकीट जाळायला घेतलं, पण ते नायलॉनचं असल्यामुळे जळण्याऐवजी वितळून शेगडीला चिकटलं आणि शाखेची त्या दिवशीची मांसाची मेजवानी वाया गेली.

डेल्मर मात्र पडद्याकडे बघतच राहिला. कारण ती जांभई त्याच्या ओळखीची होती. कपाटाच्या खणात तशा भरपूर होत्या.

तो घरी गेला आणि अंधारात बसून राहिला. बॅरोला खरंच झोप आली असेल, तर कॉनीच्या थडग्याभोवती चाळीस माणसं कशासाठी उभी होती? अर्धवट जांभई द्यायला? नाही! झलक म्हणजे सिनेमा नव्हे, पास कापायची वेळ अजून आलेली नाही! हे होऊ देता कामा नये!

झलक दाखवून झाल्यावर दिग्दर्शिका चाहत्यांना भेटणार होती, पार्कातल्याच नाट्यगृहात. डेल्मरने बेत आखला. आरडाओरडा करायचा नाही. ती मंचावर आली की त्याने खूण करायची आणि सगळ्यांनी उभं राहून मुकाट्याने हात अर्धा उचलायचा. चाळीस अर्धे हात बघून बाईला घाम फुटला पाहिजे!

खूण झाली. चाळीस हात उठले. सूत्रसंचालकाचा चेहरा उजळला.

"वा वा! इतक्या जणांना प्रश्न विचारायचेत? ध्वनिक्षेपक द्या त्यांच्याकडे. एकेक करून, हं!"

ध्वनिक्षेपक आधी हेक्टरच्या हातात आला. हेक्टर वातानुकूलन यंत्रं खांद्यावर घेऊन शिड्या चढतो, पण चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याची बोबडी वळते. "अं... म्हणजे... तुमचा आवडता रंग कोणता?"

"पिवळा," इनेस बराहोना म्हणाली.

"माझाही!" हेक्टर म्हणाला आणि मटकन खाली बसला.

शेजारच्या बाईंनी केसांना काय लावता ते विचारलं. त्यापुढच्या गृहस्थांनी नुसतेच आभार मानले. ध्वनिक्षेपक डेल्मरपर्यंत पोचला तेव्हा निषेधाचं पार वाटोळं झालेलं होतं.

"बाई," डेल्मर म्हणाला, "कॅप्टन बॅरोला जांभई द्यायला लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

 बाई जराशी पुढे झुकली.

"मी चार वर्षांची होते," ती म्हणाली. "आजीच्या मांडीवर बसून त्या होडीत गेले होते. अंधाराला भिऊन मी रडून गोंधळ घातला होता. आणि त्या खिडकीतल्या माणसाने भलीमोठी जांभई दिली. मला वाटलं, जिथे कोणाला अशी झोप येते, तिथे भ्यायचं कशाला? मी रडायची थांबले. त्यानंतर कधीतरी तो हात अडकला असेल. पण मी पाहिलंय ते. त्या जांभईसाठीच हा सिनेमा काढलाय मी."

डेल्मरला कानात कॉनीचं हसू ऐकू आलं आणि तो भडकलाच.

"चार वर्षांच्या पोरीची आठवण म्हणजे पुरावा नव्हे! उद्या म्हणाल, तो नाचायचा! आम्हाला मूळ होतं तसंच हवं! मूळ!"

"मूळ!" मागून हेक्टर ओरडला, मघाची भरपाई म्हणून. "मूळ! मूळ!" सगळ्या नाट्यगृहाने तेच उचलून धरलं. पहिल्या रांगेत पार्कच्या व्यवस्थापनातली एक बाई बसली होती. ती हसून मान डोलवत होती.

मग सह्यांची मोहीम झाली. 'मूळ होतं तसंच ठेवा!' म्हणून जपानपासून जर्मनीपर्यंत सह्या आल्या. जुन्या लोकांच्या साक्षी काढल्या. एका आजोबांना बॅरो चिलीम ओढताना आठवत होता, एका आजीबाईंना सफरचंद खाताना. साक्षीदार गेले उडत, असं ठरलं. शेवटी एके दिवशी पार्काने जाहीर केलं: चाहत्यांच्या मागणीला मान देऊन दीपगृहाची सफर काही आठवडे बंद राहील आणि मग मूळ स्वरूपात पुन्हा सुरू होईल. पहिल्या होडीचा मान श्री. डेल्मर किट्रिज यांना!

पॅनकेकच्या हॉटेलात जल्लोष झाला. फक्त बर्निसबाईंनी चष्मा काढून पुसला.

"डेल्मर, आपण सगळीकडे 'मूळ' लिहिलं. 'अर्धा' असं कुठेच लिहिलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. पाक दे इकडे."

सफर पुन्हा सुरू झाली त्या दिवशी धक्क्यावर कॅमेरे होते, फुगे होते, वाद्यवृंद होता. डेल्मर पहिल्या होडीत बसला. शेजारची जागा त्याने नेहमीप्रमाणे मोकळी ठेवली. होडीवरच्या कर्मचाऱ्याने तिथे नेमकं इनेस बराहोनाला आणून बसवलं. व्यवस्थापनाला दोघांचा एकत्र फोटो हवा होता. मागे हेक्टर आणि बर्निसबाई बसले.

होडी अंधारात शिरली. 

"ही जागा माझ्या बायकोची आहे," डेल्मर एकदम म्हणाला.

"अरे, मला माहीत नव्हतं. मी मागे जाते ना."

"बसा. ती दोन वर्षांपूर्वी गेली. निरोप द्यायला आम्ही चाळीस जण हा हात असा धरून उभे होतो." त्याने हात छातीपाशी नेला. अंधारात तो तिला दिसला नसणार. "तो माणूस निरोप घेत नसेल तर मग आम्ही काय केलं हो तिथे? तेवढंच कळत नाही मला."

 वादळ आलं, गलबतं फुटली. मग तिने विचारलं, "आणि त्यांना काय वाटायचं? तुमच्या बायकोला?"

 या प्रश्नाचं उत्तर त्याने मंडळात आजवर थट्टेवारी नेलं होतं.

"ती म्हणायची, त्याला झोप आलीय."

वळण आलं. खिडकीत कंदील पेटला. रंगरंगोटी केलेला कॅप्टन बॅरो उभा होता. उजवा हात उठला, छातीपाशी आला. 

हात थांबला नाही. न थरथरता, न अडकता तो सुरळीत वर गेला. इतकी वर्षं मिटलेला जबडा उघडला, डोकं मागे गेलं आणि दीपगृहाच्या भिंती घुमवत कॅप्टन बॅरोने जांभई दिली. रात्रपाळी केलेला माणूसच देतो तशी, खोल, सगळं अंग सैल सोडणारी जांभई.

मागे हेक्टरने जांभई दिली. त्याची बर्निसबाईंना लागली. त्यांनी चष्म्याखाली हात घालून ती आवरायचा प्रयत्न केला. दिग्दर्शिकेलाही आली. डेल्मरने दात घट्ट आवळले, पण जांभई काही तत्त्वं बघून येत नाही. त्याचा हात छातीवरून आपोआप वर निघाला आणि तोंडापाशी गेला. मग होडी खाली कोसळली आणि चौघेही नखशिखान्त भिजले.

बाहेर उजेडात आले तेव्हा डेल्मरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. कॉनी गेल्यापासून त्याला असं हसताना कोणी पाहिलं नव्हतं. "खरं होतं तिचं!" तो म्हणत होता. "सगळी वर्षं तिचंच खरं होतं! आणि मी बसलो व्याख्यानं देत!"

"डेल," हेक्टर अवघडून म्हणाला. त्याच्या हातात कात्री होती. "तू म्हणाला होतास म्हणून आणली. सगळे थांबलेत."

खरंच, धक्क्यावर अख्खं मंडळ उभं होतं. शब्द म्हणजे शब्द. डेल्मरने गळ्यातला पास काढला, सगळ्यांसमोर कापला आणि दोन्ही तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. दिग्दर्शिकेने टाळ्या वाजवायला हात उचलले आणि मंडळींचे चेहरे बघून खाली घेतले. मग एकेक करत निळ्या जाकिटांनी त्याला नमस्कार केला. हात छातीपर्यंत आले. पुढे न्यावेत की नाही ते कोणालाच कळेना, म्हणून तिथेच राहिले.

रविवारी सकाळी डेल्मर पार्काच्या तिकीट खिडकीसमोर गुपचूप रांगेत उभा होता. जाकीट त्याने उलटं घातलं होतं. पुढे बर्निसबाईंची टोपी दिसली तसा तो खांबाआड झाला.

"नवा वार्षिक पास," तो खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाला.

"आधी होता का तुमच्याकडे?" आतल्या मुलीने विचारलं.

"होता. खराब झाला."

"इकडे कॅमेऱ्याकडे बघा, काका. छान हसा. एक, दोन..."

डेल्मर नेहमीसारखा ताठ बसला. आणि ऐन क्षणी त्याचा हात वर गेला, छातीपाशी न थांबता, थेट तोंडापर्यंत.

"अहो काका!" मुलगी वैतागली. "जांभई आली तुम्हाला! डोळेसुद्धा मिटलेत. दुसरा काढू या?"

"नको गं," डेल्मर म्हणाला. "बायकोचा असाच आहे."