सोनवणेकाकांचं बोलकं पिंप

अन्नपूर्णेच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत कुणाकडेही गेलं तर आधी पाणी मिळे. सोनवणेकाकांकडे आधी पिंपाला कान लावावा लागे.

पिंप स्टीलचं, महूच्या कबाड्याकडून आणलेलं. काकांचे वडील तिथल्या छावणीत मेसमध्ये होते, त्यामुळे घरी बीअर बनवणं ही काकांच्या लेखी वडिलोपार्जित इस्टेट होती. परवानगी सरकारला विचारावी, असं कधी कुणाच्या मनात आलं नाही. जवाला मोड आणायचे, वाळवायचे, उकळून आंबवायचं. मग बीअर पिंपात ओतून मोजून साखर घालायची आणि झाकण घट्ट लावायचं. ती साखर खाऊन आतलं खमीर गॅस सोडतं, आणि बाहेर जायला वाट नसल्यामुळे तो बीअरमध्येच मुरतो. याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर ऊब हवी म्हणून पिंप गोधडी पांघरून बैठकीतल्या दिवाणावर बसे.

"मेहमान आहे," काका म्हणत.

काका कापडमिलमध्ये लूमवर होते. जन्मभराच्या खडखडाटात आधी कान गेले, मग मिलही गेली. रिकामा माणूस चार गोष्टी बोलायला लोक शोधतो, पण काकांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. माझ्या मेहुण्याचं लग्न मोडल्याचं मी एकदा त्यांना ओरडून सांगितलं, तर संध्याकाळपर्यंत गल्लीतून दोन स्थळं आली. तेव्हापासून लोक काकांना लांबूनच हात करून सटकत. काकूंनी तर घसा वाचवण्यासाठी अख्खा संसार खुणांवर आणला होता.

पण पिंप भरलं की काका आमच्या दारात उभे. "भिया, जरा कान लाव ना. आत गॅस धरतोय का, बोलतंय का?"

बहिऱ्या माणसाला नाही कसं म्हणणार? आम्ही कान लावायचो आणि झोपलेल्या बाळाजवळ बोलावं तसं हळूच म्हणायचो, "बोलतंय, काका." खरं तर बंद पिंपातून काहीएक ऐकू येत नसे. मग घरच्या चार गोष्टी निघत. काका मान डोलवत. आम्हाला वाटे, सवयीने डोलवतात.

मी सांवेर रोडला सोड्याच्या कारखान्यात होतो. बाजार खुला झाला तशा आमच्याकडे नव्या मशिनी आल्या आणि प्रत्येक गोष्ट झटपट व्हावी असं मला वाटायला लागलं. एक दिवस मी सोड्यात भरतात त्या गॅसचा छोटा सिलिंडर स्कूटरला बांधून काकांकडे नेला आणि ओरडून सांगितलं, "काका, आता साखर नको! उद्याच बीअर तयार!"

त्यांना कळेना, म्हणून मग तेच हातवारे करून समजावलं. काकांनी सिलिंडरकडे पाहिलं.

"उद्या तयार झाली, तर परवा तू येशील?"

मी सिलिंडर खाली ठेवला. काका पुढे म्हणाले,

"लूमवर कोणाला काय ऐकू यायचं? आम्ही सगळे ओठ वाचायचो. आजही वाचतो. पण तुम्ही लोक ओरडता ना, तोंड असं वेडंवाकडं होतं की कुछ समझ में नहीं आता. इसके पास आलात की हळू बोलता." त्यांनी गोधडी सारखी केली. "तेवढे दिवस मला सगळं समजतं. पिंप बोलत नाही, ते पण."

"मग आधी सांगायचं ना," मी हळू म्हणालो.

"सबको सांगितलं, भिया. तुम्ही अजून जोरात ओरडायला लागलात."

मला हसू आलं, आणि फार वाईटही वाटलं. सिलिंडर मी परत नेला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सरळ त्यांच्याकडे गेलो. "बोलतंय का?" काकांनी विचारलं. मी वाकून कान लावला, मग त्यांच्याकडे तोंड करून आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "नाही. पण मेहुण्याचं परत मोडलं."

काका पोट धरून हसले. हसणं ऐकून काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी हातानेच विचारलं, काय झालं?

काकांनी पिंप जरा सरकवून दिवाणावर जागा केली.

"बस इथे," ते म्हणाले. "आणि हळू बोल."