हरीभाऊंचं नख

हरीभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले आणि बसायच्या आधी त्यांनी भिंतीला नख लावलं. चुना निघाला. "कोवळी हाय," म्हणाले, आणि मग चहा मागितला.

उमरोळीतल्या आमच्या या शेजाऱ्यांची चिकूची वाडी होती. चिकूला नख लावायचं; सालीखाली हिरवं दिसलं तर कोवळा, पिवळसर दिसलं तर पोक्त, म्हणजे उतरवायचा. ही परीक्षा झाडापुरती ठेवावी की नाही? पण त्यांचा वासा पोक्त, बोंबील पोक्त, शेजारणीची शिवीसुद्धा पोक्त! मी तारापूरच्या वीजघराच्या बांधकामावर सिमेंटच्या गोण्या मोजणारा. एका मापाला एकच अर्थ, ही माझी सवय. न राहवून विचारलं, "हरीभाऊ, शिवीला नख कुठं लावता?"

"सायब, तुमी अजून कोवळं हाय."

मी चाळिशी ओलांडली होती. बायको आठवडाभर हसत होती.

त्यांची लेक सुमन आईविना वाढलेली, पंचविशीची, सगळी वाडी एकहाती सांभाळणारी. तरी प्रत्येक स्थळाला हरीभाऊंचं उत्तर ठरलेलं: "पोर पोक्त नाय."

शेवटी मासवणचा एक मुलगा आला, आमच्याच कामावरचा फिटर. सुमनला तो पसंत होता. हरीभाऊंनी त्याच्या सायकलीच्या रंगाला नख लावलं. "कोवळी." चपलेला लावलं. "कोवळी." पोरानं सरळ तळहात पुढे केला. "काका, इथं लावा."

तळहातभर घट्टे. नख रुतेना.

दारातून सुमन म्हणाली, "बाबा, पुरे, नख तुटंल! तो पोक्त हाय, मी बी हाय. आता कोवळं कोन ऱ्हायलं, ते तुमीच बघा."

सगळे हसले. हरीभाऊ सगळ्यांत मोठ्यानं हसले आणि 'हो' म्हणाले.

लग्नानंतर पावसाळा सरता सरता मी वाडीत गेलो. सुमननं लावलेल्या झाडाला पहिलाच चिकू धरला होता. पिकून गळू नये म्हणून हरीभाऊंनी तो फडक्यात घेऊन फांदीला बांधला होता. वास सुटलेला, फडक्यावर मुंग्यांची रांग.

"अहो, उतरवा की," म्हणत मी नख पुढे केलं.

त्यांनी माझा हात धरला.

"नाय सायब. अजून पोक्त नाय." मग मुंग्या झटकत हळूच म्हणाले, "सुमी दिवालीला येनार हाय."