पट्ट्यावरच्या कुरडया

सायकलपट्टा उखडायचा ठराव नगरपरिषदेत येणार, ही बातमी उद्धवने चहा पिता पिता सांगितली आणि प्रतिमाची पोळी तव्यावरच करपली.

"बरंच झालं," तो बायकोला म्हणाला. "कोन चालवते तिथं सायकल? माह्या गाडीवर बसत जाय. शाळेत सोडून देत जाईन तुले."

हे सोडून देणंच प्रतिमाला नको होतं. चाळिशी ओलांडल्यावर ती सायकल शिकली, दोन्ही गुडघे फोडून शिकली. चिखली रोडवरच्या ट्रकांना ती भ्यायची. पण कडेला खांब ठोकून हिरवा पट्टा आखला गेला आणि कुणाच्या पाठीमागे न बसता ती आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी पोचू लागली. शाळेपर्यंतच्या त्या वाटेवर ती कुणाची सून नसायची, बायको नसायची, मास्तरीणही नसायची. हे सुख ती सुखासुखी सोडणार नव्हती.

ती थेट मुख्याधिकाऱ्यांकडे गेली. पट्टा कुणी वापरतच नाही, असं साहेबांचं म्हणणं. शुक्रवारी पाहणीला येतो, सायकली दाखवा, मग बोलू, म्हणाले. साहेबांचंही अगदीच चुकत नव्हतं. चैत्र लागला की पट्ट्यावर सायकलींऐवजी कुरडया दिसायच्या. सपाट, तापलेली जागा आणि गाड्यांची भीती नाही. असं अंगण आळीतल्या बायांना आजवर कोणत्याच सरकारने दिलं नव्हतं. या बायांच्या पुढारी होत्या खुद्द प्रतिमाच्या सासूबाई, आशाबाई.

"आई, शुक्रवारी पट्ट्यावर एकही कुरडई नाही पाहिजे," प्रतिमाने घरी येताच बजावलं.

"गहू भिजू घातले ना पोरी. चीक शिजला का थांबत नसते."

"ते मले माहीत नाही. पट्ट्यावर नाही म्हंजे नाही."

सुनेचा असा आवाज आशाबाईंनी पूर्वी ऐकला नव्हता. "बरं, पट्ट्यावर नाही टाकत," त्या म्हणाल्या. मग टाकणार कुठं, हे विचारायचं प्रतिमाला सुचलं नाही आणि तिथंच घोटाळा झाला.

शुक्रवारी सकाळी ती वर्गातल्या मुलींना सायकलींसकट घेऊन आली. पट्टा लख्ख झाडलेला होता. अन् शेजारी, गाड्यांच्या अख्ख्या रस्त्यावर जुनी लुगडी अंथरलेली, त्यांवर ओल्या कुरडया. एसटी थांबली होती, तिच्यामागे दोन ट्रॅक्टर. कंडक्टरसकट सगळे प्रवासी उतरून वाटीवाटीने गरम चीक खात होते. प्रतिमाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"बाई, उचला हे," साहेब काच खाली करून आशाबाईंना म्हणाले.

"ओल्या हायेत साहेब, लगदा होईन. ऊन चढू द्या."

"मला कलेक्टर साहेबांची मीटिंग आहे."

"मंग पट्ट्यावरून जा ना," आशाबाई म्हणाल्या. "सुनेनं तुमच्यासाठीच मोकळा करून ठेवला."

खांबांमधून जीप जाईना. आता प्रतिमाने माघार घेतली तर उद्यापासून उद्धवची गाडी होती. तिने आपली सायकल पुढे केली. "साहेब, ही घ्या."

साहेबांनी घड्याळ पाहिलं, जीपमागची रांग पाहिली आणि फाइल सायकलच्या टोपलीत टाकली. कॉलेजनंतर पहिल्यांदाच बसलेला माणूस, लटपटत निघाला. मागून मुली घंट्या वाजवत. एसटीतल्या प्रवाशांनी एका हातात वाटी धरून दुसऱ्याने फोटो काढले. दुपारपर्यंत मुख्याधिकारी सायकलने कचेरीला गेल्याचं जिल्हाभर झालं आणि कलेक्टर साहेबांनी भर मीटिंगमध्ये त्यांच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. एवढ्या कौतुकानंतर पट्टा कोण उखडणार? ठराव गुपचूप गळाला. संध्याकाळी शिपायाने सायकल हवा भरून परत आणून दिली.

दुसऱ्या दिवशी प्रतिमा जिंकल्याच्या तोऱ्यात निघाली आणि कोपऱ्यावर तिने करकचून ब्रेक दाबला. पट्ट्यावर कुरडयाच कुरडया. ती तोंड उघडणार, तोच तिला दिसलं, की लुगडी दोन्ही कडांना सरकवलेली आहेत आणि मधोमध एका सायकलीपुरती वाट सोडली आहे.

"मधून जाय," आशाबाई म्हणाल्या. "अन् घंटी वाजवत जाय. काल पोरींनी वाजवल्या तं एक कावळा फिरकला नाही."

प्रतिमा घंटी वाजवत निघाली. मागून सासूबाईंचा आवाज आला, "शाळा सुटली का लवकर ये वं. दुपारी दोन-चार चकरा मारा लागतीन."